रूबेन, तुझ्या दगडावर तारा कोरायचा की नाही?

तुझ्या हनाचा फोन आला होता. आधी दोघी रडलो. मग "आत्या, जेवलात का, बीपीची गोळी घेतलीत का" झालं. मग ती मुद्द्यावर आली. तुझ्या कबरीवर दगड बसवायचा आहे. तिथला कारागीर विचारतोय, वर दाविदाचा तारा कोरायचा, की नुसतं नाव? आणि म्हणे तू हॉस्पिटलात सांगून गेलास, "दगडाचं बायला विचार. ती म्हणेल तसं कर."

वा रे वा, शहाण्या. सगळा जन्म माझं एक ऐकलं नाहीस. पनवेल सोडू नकोस म्हटलं, सोडलंस. तुझी बायको एस्तेर गेल्यावर तरी परत ये म्हटलं, इथं सुकापूरला माझ्याच बिल्डिंगमध्ये तुझ्यासाठी फ्लॅट बघून ठेवला, खालचा मजला, पुढे गॅलरी. तू नुसता "बघू बघू" करत राहिलास. आणि आता त्या इंग्लंडच्या थंडगार मातीत जाऊन पडल्यावर म्हणतोस, बायला विचार.

मी हनाला म्हटलं, "यात विचारायचं काय आहे गं? आईच्या दगडावर तारा आहे, पप्पांच्या आहे, तुझ्या आत्याच्या नवऱ्याच्या आहे. रूबेनच्याही असेल. मोठा कोरायला सांग."

पोरगी हळू आवाजात म्हणाली, "आत्या, इथं मागे कुणीतरी दगड आडवे पाडले होते. ताऱ्यांवर काळा रंग फासला होता. कब्रस्तानवालेच सुचवतात, नुसतं नाव घाला. म्हणजे लांबून कळत नाही."

लांबून कळत नाही! ते ऐकलं आणि माझं डोकं असं फिरलं की मी फोनच ठेवून दिला. त्या पोरीची काय चूक. पण ते बोलणं तिचं नव्हतं रे, तुझं होतं. तुझ्याच तोंडचं तिनं उचललं होतं. तेव्हा तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. ज्याच्याशी भांडायचं त्याच्याशीच भांडते. तू मध्ये बोलायला नाहीस, एवढी एकच सोय झाली आहे.

तुझ्या शोकाची सात दिवसांची बैठक मी इथंच, हॉलमध्ये जमिनीवर चटई टाकून केली. आरसा झाकला. आपली माणसं आता पनवेलात उरलीत किती? प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमवायला ठाण्याहून गाडी बोलवावी लागली. बाकी सगळा बिल्डिंगचा गोतावळा. समोरच्या शिंदेबाई रोज चहाचा थर्मास आणायच्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणतात, "मावशी, तुमच्या चर्चचे फादर नाही आले ते?" बारा वर्षं शेजार आहे. बारा वर्षं माझ्या दाराच्या चौकटीवर मेझुजा आहे, आत पवित्र वचनांची गुंडाळी असलेली, ती पेटी बघून त्यांना वाटायचं बेलचं बटण जुनं झालंय. मी म्हटलं, "शिंदेबाई, आम्ही ख्रिश्चन नाही हो, आम्ही इस्राएली. ज्यू." तर त्या म्हणाल्या, "तेच ते. देव एकच." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला रडताना हसू आलं. वाटलं, शुक्रवारी रूबेनचा फोन आला की सांगायचं. मग आठवलं की आता शुक्रवारी फोन येणार नाही.

एवढी वर्षं एक शुक्रवार चुकवला नाहीस. इथं शब्बाथचा दिवा लावायच्या आधी फोन वाजायचाच. आधी ट्रंक कॉल, मग ते कार्डवाले फोन, मग स्काईप, मग व्हॉट्सअ‍ॅप. "बाय, वात लावलीस का?" विचारायचास. त्याबद्दल तुझे उपकार मानते. हे एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी.

तू लहानपणापासून भित्रा. रागावू नकोस, आहेस. शाळेतून येताना तळ्याच्या काठानं पोरं आपल्या मागे लागायची, "शनवार तेली, शनवार तेली" करत. आपल्या आजोबा-पणजोबांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद, म्हणून ते नाव. तेव्हा सगळ्या पनवेलला ठाऊक होतं आपण कोण ते. मी दप्तर खाली टाकून मारामारी करायची आणि तू दोन्ही दप्तरं उचलून घराकडे धूम ठोकायचास. आई विचारायची, "बाय कुठंय?" तू सांगायचास, "मारतेय." एकदा मी फाटक्या फ्रॉकनं घरी आले तर तू मला काय सांगितलंस आठवतं? "बाय, तू मारलंस म्हणून ते उद्या परत येणार. मी पळालो म्हणून मला विसरले." नऊ वर्षांचा होतास. तेव्हाच ओळखायला हवं होतं की हा पोरगा लांब जाणार.

गेलास. कारखान्यात चांगली नोकरी, चांगलं घर, गोऱ्यांच्या गल्लीत एकुलता एक सावळा इंजिनीअर. तिथल्या सिनेगॉगला पहिल्यांदा गेलास ती गोष्ट तू फोनवर हसत हसत सांगितलीस. मी हसले नव्हते, लक्षात असू दे. दारात एक उंच पोरगा उभा. पुढच्या गोऱ्या माणसाला "गुड मॉर्निंग", आणि तुझ्या छातीवर हात. कोण तुम्ही, कुठून आलात, इथं ओळखीचं कोण, पिशवीत काय आहे. तू म्हणालास, प्रार्थनेला आलोय, भारतातला ज्यू आहे. त्यानं ऐकलंच नव्हतं भारतात ज्यू असतात म्हणून. मग तू दारात उभा राहून शमा, आपली रोजची प्रार्थना, म्हटलीस. आपल्या चालीत, पप्पांनी शिकवली तशी. ती ऐकून तो आणखीनच बिचकला. शेवटी आतून एक म्हातारा आला, त्यानं तुला दोनदा म्हणायला लावली, आणि मग घेतलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी म्हटलं, "परत पाऊल ठेवू नकोस तिथं. आपल्याच घरच्या दारात परीक्षा देतात का?"

तू काय केलंस? त्याच दारात जाऊन उभा राहिलास. रिटायर झालास आणि त्यांना म्हणालास, मला पहाऱ्यावर घ्या. पिवळं जाकीट, कानात ती नळी, डोक्यावर आपली प्रार्थनेची टोपी. आतले लोक प्रार्थना म्हणतायत आणि हा बाहेर पावसात पिशव्या तपासतोय. मी म्हटलं, "शिकून सवरून वॉचमन झालास!" तू म्हणालास, "बाय, त्या पोराची चूक नव्हती. आपल्यासारखा ज्यू असतो हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. आता मीच दारात आहे. पुढच्याला दिसेल तरी." बोलायला तू आधीपासून गोड.

मग मी तुझ्याकडे आले, नव्या वर्षाच्या सणाला. आता तो दिवस मी सोडणार नाही.

आदल्या दिवशी आपण दोघांनी हलवा केला. गव्हाचा चीक मी इथून सुकवून नेला होता, नारळाचं दूध तिथल्या डब्यातलं. तू तासभर ढवळलास, हात भरून आला तरी सोडला नाहीस, मध्येच म्हणालास, "आईसारखा वास आला." तेवढं एक चांगलं झालं. सकाळी तू पहाऱ्यासाठी लवकर गेलास. मी मागून हनाबरोबर निघाले. मोरपंखी नऊवारी नव्हती नेसले, साधी पाचवारी, पण रेशमी. वर तुझा तो कोट. हातात हलव्याचा स्टीलचा डबा, झाकण उघडू नये म्हणून चिकटपट्टी लावलेली. म्हटलं, इथल्या बायकांना कोकणातलं नवं वर्ष खाऊ घालू.

दारात तू. मी तुला बघून हसले. तू हसला नाहीस.

"बाय, डबा उघड."

मला वाटलं थट्टा करतोयस. "हलवा आहे रे. काल तूच ढवळलास."

"ठाऊक आहे. उघड."

"ठाऊक आहे तर उघडू कशाला?"

"मागे लोक बघतायत. बंद डबा आत जात नाही. तुला असाच सोडला तर दुसऱ्याला कुठल्या तोंडानं थांबवू?"

"मी दुसरी आहे?"

"दारात सगळे दुसरेच, बाय. उघड ना, प्लीज."

हना मध्ये पडली, "आत्या, मी काढते पट्टी." मी डबा छातीशी धरला. म्हटलं, "हात लावू नको. माझ्या पाठच्या भावाला माझ्या डब्यात बॉम्ब दिसतोय, दिसू दे." मागे गोऱ्या बायकांची रांग, टोप्या घातलेल्या, सेंट मारलेल्या. एकीला पिशवी न बघता तू आत सोडलंस हेही मी पाहिलं. नंतर म्हणालास ती दर आठवड्याला येते, तिची पिशवी पाठ झाली आहे. आणि माझा डबा तुला पाठ नव्हता होय रे?

मी गेलेच नाही आत. रस्ता ओलांडून समोरच्या बाकावर जाऊन बसले, डबा मांडीवर. हनाला आत पिटाळली. तू तिकडे दारात, मी इकडे बाकावर, मध्ये रस्ता. आतून नव्या वर्षाचं शिंग फुंकल्याचा आवाज आला तेव्हा आपण दोघंही बाहेरच होतो. तू माझ्याकडे बघायचास, मी दुसरीकडे. मी बघायचे, तू दुसरीकडे. लहानपणी पाटावर बसून असेच रुसायचो, पण तेव्हा मध्ये आई असायची.

मग ती गाडी आली. हळू झाली, काच खाली गेली. आत तीन-चार पोरं, विशी-बाविशीची, चांगल्या घरातली वाटावीत अशी. तुला बघून ओरडली. माझं इंग्रजी शाळेपुरतं, पण तो शब्द मला कळला, कारण तो आपल्या जातीचा शब्द होता, फक्त थुंकल्यासारखा म्हटलेला. आणि अंडं आलं. तुझ्या खांद्याला चाटून चौकटीवर फुटलं. तू हललाही नाहीस. गाडीचा नंबर बघितलास, जाकिटावरच्या माईकमध्ये काहीतरी बोललास, आणि रुमाल काढून आधी चौकटीवरची मेझुजा पुसलीस. खांदा नंतर.

मला बसवतंय का? डबा बाकावर टाकला आणि मी भर रस्त्यात. "अरे मेल्यांनो, थांबा, थोबाड दाखवा! आयशीनं हेच शिकवलं का सणासुदीला!" पोरं खदाखदा हसली. मला बघून दुसरंच ओरडली, तुमच्या देशात चालत्या व्हा म्हणून, आणि आपल्या रंगावरून ती त्यांची ठेवणीतली शिवी. एकाच गाडीतून दोन शिव्या, रूबेन. भावाला वेगळी, बहिणीला वेगळी. तुला ज्यू म्हणून, मला काळी म्हणून. त्या गाडीला तरी कुठं माहीत की दोघं एकाच पोटचे.

तू धावत आलास आणि माझा दंड धरून मला ओढलंस. माझा! दंडावर वळ उठला होता. "रस्त्यात का उतरलीस? तोंड दाखवायची हौस आहे?"

"तुला नाही ना, म्हणून मला करावं लागतं. अंडं खाऊन गप्प उभा राहिलास!"

"उभा राहिलो ना? तेवढंच काम आहे माझं. उभं राहायचं."

"त्यापेक्षा एक धोंडा घालायचास काचेवर."

"बाय, तू पंधरा दिवसांनी पनवेलला जाशील. मला उद्या ह्याच रस्त्यानं दूध आणायला जायचंय. हनाला ह्याच रस्त्यानं रात्री नोकरीवरून यायचंय."

तुझा आवाज कधी चढत नाही, तेव्हा चढला होता. मी गप्प बसले नाही, हे तू जाणतोसच. जास्तच बोलले.

प्रार्थना संपली. तू जाकीट काढून दिलंस, मी बाकावरचा डबा उचलला, घरी निघालो. कोपरा वळायच्या आत तुझा हात डोक्याकडे गेला. टोपी काढलीस, घडी घालून खिशात टाकलीस. रोजची सवय असावी, तुझं लक्षही नव्हतं. माझं होतं.

"आता का काढली? अंडी संपली म्हणून?"

"दारात माझ्या मागे माणसं असतात, बाय. इथं मी एकटा."

"मग घालावी कशाला मुळात?"

तू बसच्या थांब्याकडे चालू लागलास. बसमध्ये तुझ्या शेजारची सीट रिकामी होती, तरी मी मागे जाऊन बसले. त्या रात्री हलव्याला कुणी हात लावला नाही. मग मी माझं नेहमीचं काढलं. परत ये. पनवेलला ये. तिथं मी साडी नेसून, गळ्यात तारा घालून बाजारात बोंबील विकत घेते, कोण विचारत नाही. सणाला लाऊडस्पीकर लावला तरी कोण विचारत नाही. आपल्या लोकांना त्या मातीत कधी कुणी ह्यावरून बोट लावलं नाही, आणि तू इथं कुणाकुणाची अंडी झेलतोस.

तू ताटातला भात चिवडत होतास. म्हणालास, "बाय, तुला तिथं ओळखत नाहीत, म्हणून सोडतात. मला ओळखून सोडावं, असं मला हवंय."

"आणि ओळखून अंडं मारलं तर?"

"तर ओळखलं तरी."

हे तुझं नेहमीचं. असं काहीतरी बोलायचं की समोरच्याला वाटावं ह्यात काहीतरी आहे. मला त्यात काही दिसलं नाही तेव्हा. मी म्हटलं, तू येडा झालायस, आणि ताट उचललं. ते भांडण तिथंच राहिलं. नंतर प्रत्येक शुक्रवारी आपण त्याच्या भोवतीनं बोललो. गुडघे, हवा, हनाचं लग्न, इकडे विचुंब्यापर्यंत कशा बिल्डिंगी झाल्या. त्यावर पाय मात्र कुणी ठेवला नाही.

आता एक गोष्ट ऐक, जी मी तुला सांगितली नाही. पश्चात्ताप बिश्चात्ताप काही नाही. तू असतास तर आजही सांगितली नसती.

मुंबईत त्या नोव्हेंबरात जे झालं, आपल्या लोकांना शोधून मारलं, त्यानंतर इथंही आपल्या प्रार्थनालयाबाहेर पोलीस बसायला लागला. तेव्हा आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. खुर्ची टाकून बसायचा, पेपर वाचायचा, सणाला आम्ही त्याला पुऱ्या द्यायचो. तुझ्याकडून परत आले त्याच्या पुढच्या वर्षी जुना गेला आणि नवा आला. तरुण, इस्त्रीचा, बंदूक घेतलेला. मी आईच्या पुण्यतिथीला दिवा लावायला गेले, दुपारचं ऊन, हातात तेलाची बाटली.

"आजी, कुठं?"

"आत."

"आत नाही जायचं. ते ज्यू लोकांचं आहे. मंदिर पुढच्या वळणावर."

"मी ज्यूच आहे, बाळा."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. साडी, अंबाडा, पायात बाटाच्या चपला. म्हणाला, "आजी, चेष्टा नका करू. बाटलीत काय आहे?"

मी म्हटलं, गोडं तेल. तो म्हणाला, उघडा. रूबेन, माझं लग्न त्या दाराच्या आत झालंय. तुझी सुंता त्या दारातून आत नेऊन झाली आणि तुला उशीवर घेऊन मी उभी होते, फ्रॉकातली, सगळ्यात पुढे. त्या दारात मी बाटलीचं बूच काढून एका पोराला वास दिला. तरी तो ऐकेना. "ओळखीचं कोण आहे का आत?" शेवटी आतला राखणदार बाहेर आला, "अहो साहेब, ह्या तर आमच्या मिरियमबाई," म्हणून त्यानं साक्ष दिली, तेव्हा मला माझ्या आईचा दिवा लावता आला. पोलीस सॉरी म्हणाला. मनापासून म्हणाला. "आजी, तुम्ही आमच्यासारख्याच दिसता हो," म्हणाला. चांगला पोरगा होता. तरी मला तेव्हा त्याच्या कानफटात द्यावीशी वाटली होती, अजून वाटते.

त्या शुक्रवारी तुझा फोन आला. "बाय, वात लावलीस का?" माझ्या अगदी ओठांवर होतं. पण मी तुला पापलेटचा भाव सांगितला. सांगितलं असतं तर तू हसला नसतास, हे मला माहीत आहे. तू नुसता गप्प राहिला असतास, आणि तुझं ते गप्प राहणं मला ऐकायचं नव्हतं. मी तुला छातीठोकपणे म्हणत आले होते की इथं कोण विचारत नाही. विचारतात. इथं विचारतात, आमच्यासारखी दिसतेस तर ज्यू कशी, तिथं विचारतात, सावळा आहेस तर ज्यू कसा. दोन्हीकडे दारात उभं करतात. फरक एवढाच की मला इथं कुणी अंडं मारत नाही, आणि तो फरक लहान नाही. तेवढं मी अजून सोडणार नाही.

असो. फोन ठेवून दिला होता मी हनाचा. रात्रभर तिचाच विचार. दुसऱ्या दिवशी मीच लावला.

"हना, तू जातेस का गं पप्पांकडे? कब्रस्तानात?"

"दर रविवारी जाते, आत्या."

"कोण बरोबर असतं?"

"कोण नाही. बसनं जाते. शेवटच्या स्टॉपवरून चालत."

"भीती वाटते?"

म्हणाली, "फाटकातून आत शिरताना एकदा मागे बघते. कोण बघत नाही ना, एवढंच. तारा असेल तर मी कुठल्या रांगेत थांबले ते बाहेरच्या रस्त्यावरूनही दिसेल."

काय बोलणार, रूबेन? मी तर भांडायला पदर खोचून बसले होते. आमच्या आयांनी कधी लपवलं नाही, घाबरून घाबरून तुमची पिढी, हे सगळं तयार होतं माझ्याकडे. पण मी इथं सोफ्यावर, पंख्याखाली. शेवटच्या स्टॉपवरून चालत जायचंय तिला. तुझ्या दगडावर तारा कोरायला सांगणार मी, आणि तो पाठीवर घेऊन फाटकातून बाहेर पडणार ती. तू मला त्या रस्त्यात दंडाला धरून जे सांगत होतास, ते मला हिच्या तोंडून ऐकावं लागलं, आणि तेही तू नसताना. जिंकलास. घे. टाळ्या मिळणार नाहीत.

मी म्हटलं, "दगडाचं तूच ठरव. जो जाणार त्यानं ठरवायचं. मला विचारू नको."

"पण पप्पा म्हणाले होते..."

"पप्पा पुष्कळ म्हणायचे. मी सांगते ना, तू ठरव."

काल तिचा परत फोन आला. ठरवलंय म्हणाली. पुढच्या बाजूला तुझं नाव, इंग्रजीत आणि मराठीत. तारा मागच्या बाजूला. तुझी कबर शेवटच्या रांगेत आहे, मागे झाडांचं दाट कुंपण. रस्त्यावरून काही दिसणार नाही. ज्याला माहीत आहे तो वळसा घालून बघेल.

"मागे?" मी म्हटलं. "पाठीवर? माझा भाऊ चोर होता का गं?"

"आत्या, तुम्ही रागावलात?"

"हो."

"मग बदलू?"

"नाही. बदलू नकोस. मी रागावले म्हणून काय बदलायचं? रागावणं माझं, दगड तुझा."

ती रडली. मग मला म्हणाली, "तारा मोठा घालायला सांगितलाय, आत्या. दगडाच्या रुंदीभर."

तर हे असं ठरलंय. मला पटलेलं नाही, कान देऊन ऐक. त्या गाडीतली पोरं मला अजून दिसली तर मी अजून रस्त्यात उतरेन. तुझ्यावरचा रागही गेलेला नाही. टोपी खिशात घातलीस त्याचा, माझा डबा उघडायला लावलास त्याचा, आणि सगळ्यात जास्त, असं अर्ध्यात उठून गेलास त्याचा. माझा पासपोर्ट संपलाय, गुडघे त्याच्या आधीच संपलेत. तरी हनाला सांगितलंय, दगड बसला की मला तिकीट काढ. मी समोरून येणार नाही, रूबेन. कुंपण आणि दगड ह्यांच्यामधल्या फटीत शिरेन, तुझ्या पाठीशी उभी राहीन, फाटकातून येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी साडी दिसेल अशी. आणि तिथून बोलेन. मराठीत, मोठ्यानं.